मारुतीचा शाप

अड्याळच्या हनुमंतापाशी आणखी एक जण राहतो. त्याला शेंदूर नाही, शनिवारचं तेल नाही, रुईच्या पानांची माळ नाही. चैत्रात घोडायात्रा भरते, भंडारा-पवनी पट्ट्यातली माणसं लोटतात, नवस बोलतात, जुने फेडतात. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण तो नसता तर डोंगर उचलणाऱ्या देवाच्या पायाशी तान्हं लेकरू ठेवायला एकही आई धजली नसती, असं मला खरंच वाटतं. त्याचं नाव शाप.

शाप म्हटला की दुर्वास डोळ्यांपुढे येतो: कमंडलूतलं पाणी, थरथरते ओठ, समोरच्याची राख. हा त्या जातीचा नाही. त्याची जन्मकथा उत्तरकांडात अगस्त्य ऋषी रामाला सांगतात. सूर्याकडे झेपावलेलं पोर, इंद्राचं वज्र, मोडलेली हनुवटी, रुसलेला वायू आणि गुदमरलेलं त्रिभुवन इथवर आपल्याला सगळं पाठ असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. वायूची समजूत काढायला आलेल्या देवांनी आपल्याजवळ जे होतं ते त्या पोराला देऊन टाकलं. इंद्रानं वज्रापासून अभय दिलं, वरुणानं पाशापासून आणि पाण्यापासून, यमानं आपल्या दंडापासून आणि रोगापासून. कुबेरानं गदेपासून, विश्वकर्म्यानं स्वतः घडवलेल्या शस्त्रांपासून. सूर्यानं आपल्या तेजाचा शंभरावा भाग दिला. ब्रह्मदेवानं दीर्घायुष्य दिलं. बघता बघता एका मुलाला हे सारं मिळालं, आणि त्याला ‘नाही’ म्हणू शकेल असं त्रिभुवनात कुणी उरलं नाही.

मग पोर आश्रमांत शिरलं. यज्ञाची भांडी फोडली, अग्निहोत्रं उधळली, ऋषींची वल्कलं फाडली. केसरीनं अडवलं, खुद्द वायूनं अडवलं, ते ऐकेना. त्याच्या मनात कसलाही दुष्टावा नव्हता. ते खेळत होतं.

मला ही कथा इथेच फार धीट वाटते. वाईटाच्या हाती वर पडला की काय होतं, ते सांगायला भस्मासुर आहे. ही गोष्ट सगळ्यांच्या लाडक्या, निष्पाप पोराची आहे, आणि तरीही ती सांगते की आवर हवा.

भृगू आणि अंगिरस यांच्या कुळांतल्या ऋषींनी तो आवर घातला. ते फारसे रागावले नव्हते, हे वाल्मीकी आवर्जून नोंदवतात, आणि शापाचा सगळा स्वभाव त्यातून आला आहे. त्यानं एकही वर काढून घेतला नाही. पोराला बांधलं नाही, दुबळं केलं नाही. फक्त इतकंच केलं की ज्याचं बळ त्यालाच ते ठाऊक राहू नये. कुणी आठवण करून दिली की बळ पुन्हा वाढेल, हेही त्यातच सांगून ठेवलं. म्हणजे बळ हनुमंताचं, पण ते कधी वापरायचं याचा पहिला शब्द दुसऱ्याचा.

इतका मवाळ पहारेकरी मला दुसऱ्या कुठल्या कथेत भेटलेला नाही. अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या कॉमिक्सवाल्यांनी मात्र त्याच्यासारखा कुणीतरी फार शोधला. 1938 साली सुपरमॅन आला तेव्हा अशा पहारेकऱ्याची गरज कुणाला वाटली नाही. नायक आहे म्हणजे भलाच वागणार, एवढा विश्वास पुरला. 1982 साली ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकात ॲलन मूर या लेखकानं तो विश्वास उचकटून पाहिला. त्यानं एक जुना, विस्मरणात गेलेला नायक परत आणला, मार्व्हलमन, ज्याला पुढे मिरॅकलमन म्हणू लागले. कथेच्या आरंभी हा नायक मध्यमवयीन पत्रकार आहे, माईक मोरान. डोकं दुखतं, स्वप्नात उडतो, आणि आपण कोण होतो ते विसरला आहे. काचेच्या दारावर उलटा दिसलेला एक शब्द वाचतो आणि सगळं परत येतं. उत्तरकांड वाचलेल्या माणसाला हा प्रसंग ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही. मोरान विसरला होता, म्हणूनच तेवढी वर्षं तो कुणाचा नवरा होता, थकत होता, साध्या माणसासारखा जगत होता.

त्याचा लहान साथीदार जॉनी बेट्स कधीच विसरला नाही. कित्येक वर्षं तो साध्या मुलाच्या रूपात परतलाच नाही. 1988 सालच्या पंधराव्या अंकात तो लंडन शहराची जी दशा करतो, ती जॉन टॉटलबेननं चितारलेली पानं एका बैठकीत पाहवत नाहीत. पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती पुढच्या अंकाची. तिथे मिरॅकलमन जिंकलेला आहे आणि त्यानं जग सुधारून टाकलं आहे. पैसा गेला, भूक गेली, युद्धं गेली. यातलं काही हवं आहे का, असं मात्र त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

मूरच्याच ‘वॉचमेन’मधला डॉक्टर मॅनहटन तर भूत आणि भविष्य एकाच वेळी पाहतो. ज्याला काहीच विसरता येत नाही, त्याला कुणी आठवण तरी कशाची द्यायची? तो माणसांपासून दूर, मंगळावर जाऊन बसतो. या साऱ्या धुंडाळणीत शापाच्या सर्वांत जवळ मला एक छोटी गोष्ट येताना दिसते. सुपरमॅन आपल्याला मारू शकणाऱ्या क्रिप्टोनाइटची अंगठी स्वतःहून बॅटमनच्या हवाली करतो, उद्या आपणच बिघडलो तर असावी म्हणून. मित्रावर याहून मोठा विश्वास टाकता येत नाही.

शापाचं गुणगान करताना त्याची किंमत लपवू नये. अगस्त्यांनी ही कथा सांगितली तीच मुळी रामाच्या एका प्रश्नामुळे. एवढं बळ होतं, तर सुग्रीव वालीच्या भीतीनं रानोमाळ होत असताना हनुमंतानं वालीला जाळून का टाकलं नाही? उत्तर एकच: त्याला आपलं बळ ठाऊक नव्हतं. सुग्रीवाचं राज्य गेलं, बायको गेली, ऋष्यमूकावर दडून राहावं लागलं, आणि सगळं निवारू शकणारा त्याच्याच शेजारी बसला होता. शापानं ही वर्षं सुग्रीवाच्या पदरातून वसूल केली. आवर हवा म्हणणाऱ्यानं सुग्रीवाच्या नजरेला नजर देऊन ते म्हणायला हवं.

मग समुद्रकाठी जांबवान बोलला. सगळे आपापल्या उडीची योजनं मोजत होते आणि हनुमंत एकटा, गप्प बाजूला बसलेला. म्हाताऱ्यानं त्याला जन्मापासूनचं सगळं सांगितलं आणि शाप निघून गेला. आपण भीमरूपी स्तोत्र म्हणतो तेव्हा त्या म्हाताऱ्याचंच काम करत असतो, देवाला त्याचं बळ सांगत असतो. घरोघरी लहान मुलांकडून हे काम करवून घेणाऱ्या समर्थांचं मला फार कौतुक वाटतं.

शाप गेल्यावर काय झालं, ते सुंदरकांडात आहे. हनुमंतानं लंका पेटवली. आता त्याला अडवणारं कुणी नव्हतं, आपलं बळ पुरतं ठाऊक होतं, आणि शहर जळत असताना त्याच्या मनात आलं: सीताही यात जळाली असेल तर? तो हादरला. आपल्या रागाला, आपल्या चंचलपणाला त्यानं दूषणं दिली, जीव द्यावा असंही त्याला वाटलं. आकाशातून जाणाऱ्या चारणांच्या बोलण्यातून ती सुखरूप असल्याचं कळलं. तरी तो तसाच उडाला नाही. आधी मागे वळून अशोकवनात गेला, तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मग समुद्र ओलांडला.