होडीची पितळी नळी

मृग जवळ आला कीं कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या घरांतून कौलें, धान्याच्या कणग्या आणि गुरांचीं दावीं यांची पाहणी सुरू होते. ज्यांच्या दारीं यंत्राची होडी आहे त्यांनीं या पाहणींत आणखी एक वस्तु घालावी, असें आम्ही सुचवितों. ती म्हणजे होडींतील पाणी सोडण्याची नळी.

कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत तेथें पाणी ५५ फुटांच्याही वर चढलें. अशा दिवसांत शिरोळ तालुक्यांतील आमच्या मळ्यावरची जुनी लहान होडी ही हौसेची वस्तु राहत नाहीं. आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसांना तिच्यांत बसावें लागतें.

ही होडी फायबरची आहे. तिच्या मागच्या उभ्या भिंतीवर यंत्र टांगलेलें असतें, आणि त्याचें वजन व रेटा सोसण्यासाठीं त्या भिंतीच्या पोटांत लांकूड, म्हणजे प्लायवूड, घातलेलें असतें. तळाशीं इंचभर व्यासाचें एक भोंक आहे. होडी कांठावर ओढली आणि बूच काढलें कीं आंत सांचलेलें पाणी त्यांतून वाहून जातें. या भोंकांत बसविलेली पितळी नळी पाण्याला वाट देते. परंतु तिचें खरें काम भोंवतालच्या लांकडाला त्या पाण्याचा स्पर्श होऊं न देणें हें आहे. बूच घट्ट बसलें म्हणजे सर्व ठीक, हा समज येथेंच फसतो. बूच पाण्याला होडींत येऊं देत नाहीं. लांकडांत शिरणारें पाणी त्याला अडवितां येत नाहीं.

यंदा मे महिन्यांत नळीची कड तांबूस दिसली. आमचे वडील बंधु अण्णा म्हणाले, "रंग उडाला असेल." पण वहिनींनीं वांकून पाहिलें आणि आम्हांस म्हणाल्या, "भावजी, हें पितळ उतरलें आहे. चिंच लावलेला तांब्या रात्रभर तसाच राहिला कीं असाच तांबूस दिसतो." त्यांचें निदान बरोबर होतें. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचा मिलाफ. चिंचेच्या आंबटानें जें एका रात्रींत वरवर होतें, तेंच गाळाखालीं तुंबलेल्या पाण्यांत वर्षानुवर्षें खोलवर होत जातें. जस्त झिरपून निघून जातें आणि मागें सच्छिद्र, ठिसूळ तांबें उरतें. आकार तोच दिसतो, बळ गेलेलें असतें. टोकदार आरी टोंचतांच आमच्या नळीची कड बिस्किटासारखी तुटली, आणि भोंकांतलें लांकूड बोटाला ओलें लागलें.

मेस्त्रींनीं दोन मार्ग सांगितले : वरून लुकण भरून यंदाचा पावसाळा काढावा, किंवा नळी काढून मुळापासून काम करावें. अण्णांचा कल पहिल्या मार्गाकडे होता. पेरणीच्या तोंडावर खर्च नको, हें त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. परंतु भिजलेलें लांकूड जड होतें आणि कुजलें कीं यंत्राचे बोल्ट धरीत नाहीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटून अनेक माणसें बुडालीं. तींत माणसें फार झालीं होतीं. होडीनें किती भार घ्यावा याचा हिशेब पुरांत जिवाचा हिशेब ठरतो, आणि भिंतींत मुरलेलें पाणी हा त्या हिशेबांत न दिसणारा उतारू आहे. हें ऐकून अण्णाच म्हणाले, "मग अर्धें काम नको."

मेस्त्रींनीं नळीची दुमडलेली कड कानसीनें उतरविली आणि लांकडी दांड्यानें ठोकून नळी बाहेर काढली. सुदैवानें कूज बोटभरच आंत गेली होती. ती खरवडून होडी अनेक दिवस उन्हांत ठेविली. कारण ओल्या लांकडावर एपॉक्सी धरत नाहीं, आणि धरल्यासारखें वाटलें तरी ओल आंत कोंडली जाते. लांकूड खडखडीत वाळल्यावर तें मोठें झालेलें भोंक एपॉक्सीनें पूर्ण भरलें, आणि तें कडक झाल्यावर त्याच्या मधोमध नव्या नळीपुरतेंच भोंक पाडलें. आतां नळी पुढेंमागें झिजली तरी पाण्यापुढें लांकूड नसून एपॉक्सीची भिंत आहे.

नवी नळी कोल्हापूरच्या उद्यमनगरांत लेथवर कातून घेतली. पितळेऐवजीं गनमेटल घेतलें. तांब्यांत मुख्यतः कथील मिसळून तें होतें, जस्त अगदीं थोडें. म्हणून पितळेची ती व्याधि त्याला सहसा जडत नाहीं. एका टोंकाला कॉलर, दुसऱ्याला आटे आणि नट, अशी ती करविली, म्हणजे ठोकून कड दुमडण्याचें कारण उरलें नाहीं. लुकण मात्र रबरासारखें लवचिक राहणारें वापरलें. पुढच्या पिढीला ती नळी भिंत न फोडतां काढतां आली पाहिजे.

शेवटची परीक्षा वहिनींनीं घेतली. होडींत चार घागरी पाणी ओतून बूच लावलें आणि बाहेरून नळीभोंवतीं कोरडी रांगोळी चोळली. तासाभरानें ती तशीच पांढरी व कोरडी होती. तेव्हांपासून आमच्या पावसाळी पाहणीच्या यादींत कौलांखालीं एक ओळ वाढली आहे : बूच काढून नळीची कड पाहणें. त्याला दोन मिनिटें लागतात, आणि तीं मे महिन्यांतच द्यावयाचीं असतात.