रात्री बारा ते तीन

अमेरिकेतल्या ज्या गावात मी राहते तिथं शंभर वॅटचं एक सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तीस मीटर उंचीवरच्या अँटेनामधून निघालेला त्याचा आवाज साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत नीट पोचतो, पुढे खरखर सुरू होते. अशा छोट्या केंद्रांना इथं २००० साली परवानगी मिळाली. जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि नफा कमवायचा नाही, ही अट. त्यामुळे आमचं केंद्र चालवणारे जवळजवळ सगळेच स्वयंसेवक. दिवसा मी वाचनालयात नोकरी करते आणि शनिवारी रात्री बारा ते तीन माझा संगीताचा कार्यक्रम असतो.

नव्या माणसाला नेहमी हीच वेळ देतात. पुढे मला संध्याकाळची वेळ देऊ केली होती, ती मी घेतली नाही. रात्री बारानंतर जो ऐकतो तो खरोखर ऐकत असतो. त्याच्या हातात भांडी नसतात, शेजारी बोलणारं माणूस नसतं. त्याला वीस मिनिटांचं काही ऐकवलं तरी तो उठून जात नाही.

मी मूळची मिरजेची. तंतुवाद्यं करणाऱ्यांची दुकानं आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर जिथं आहे तो दर्गा, दोन्ही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडील शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लावत. तेव्हा मला वाटायचं, रेडिओवर एका वेळी एकच प्रकारचं संगीत लागतं: शास्त्रीय त्याच्या वेळेला, नाट्यगीतं त्यांच्या, फिल्मी गाणी त्यांच्या. इथं आल्यावर कळलं की असं काही बंधन नाही. आमच्या केंद्रातल्या फडताळांत हजारो तबकड्या आहेत आणि प्रत्येकीवर कुणा ना कुणा स्वयंसेवकानं कागद चिकटवलेला आहे: कोणतं गाणं ऐकावं, त्याची लय कशी आहे, कोणत्या गाण्यात शिवी आहे. काही कागद पिवळे पडलेत. लिहिणारे कधीच गाव सोडून गेले, पण त्यांच्या कानांवर विसंबून मी कितीतरी नवं संगीत ऐकलं.

या कार्यक्रमाचा सगळा जीव एका गाण्यानंतर दुसरं कोणतं लावायचं यात आहे. एक फेडर खाली आणि दुसरा वर नेताना त्या दोन गाण्यांचं काहीतरी नातं ऐकणाऱ्याला जाणवलं पाहिजे. ते मी सांगण्याच्या आधी त्याचं त्याला जाणवावं, यासाठी मी आठवडाभर डोकं चालवते.

एक उदाहरण सांगते. जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि कॅलिफोर्नियाचा गिटारवादक राय कूडर यांनी मिळून वाजवलेली ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका १९९३ साली आली. लगेच १९९४ साली त्याच कूडरची मालीच्या अली फार्का तूरेबरोबरची ‘टॉकिंग टिंबक्टू’ आली. दोन्हींना ग्रॅमी मिळालं. पहिलीतून दुसरीत गेलं की भट्टांच्या मोहनवीणेवरून वाळवंटाच्या कडेवरच्या गिटारीवर पोचता येतं, आणि दोन्हीकडे तोच कूडर सोबतीला असतो. तिथून ब्लूज एका पावलावर. ब्लूजमध्ये पुन्हापुन्हा येणारे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि हे पाच स्वर म्हणजे आपला धानी राग. म्हणून मग धानीतलं काहीतरी. अर्धा तास असा गेला की मला हवं ते सगळं सांगून झालेलं असतं, तेही माईक न उघडता.

गोव्याच्या वाटेनं जाणारी एक जोडणीही मला फार प्रिय आहे. लुई आर्मस्ट्राँगनंतर मी चिक चॉकलेट लावते. हा गोव्याचा ट्रंपेटवादक, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईतल्या जॅझच्या दिवसांत लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे त्यानं सी. रामचंद्रांचा सहायक म्हणून काम केलं. म्हणून त्याच्यामागून पुणतांब्याच्या या चितळकरांचं ‘अलबेला’मधलं एखादं गाणं, १९५१ सालचं. शेवटी ख्रिस पेरीच्या वाद्यवृंदाबरोबरची लोर्ना, कोकणीत. न्यू ऑर्लिन्सहून निघालेला ट्रंपेट मडगावात येऊन थांबतो. नंतर मी माईक उघडते आणि नावं सांगते, सावकाश, दोनदा.

नावं सांगण्याबद्दल मी हट्टी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं पहिल्या तबकड्या गायल्या, तेव्हा गाणं संपताना ती आपलं नाव उच्चारायची. तबकड्या जर्मनीत घडत आणि तिथल्या लोकांना कोण गातंय हे कळायला हवं होतं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रंपेट वाजवणाऱ्या गोव्याच्या शेकडो वादकांना ती सोय नव्हती. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. त्यांचं नाव लोकांना एका विनोदी गाण्यामुळे माहीत आहे, त्यांच्या संगीतामुळे नाही. मला हे सलतं. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, हे हाती लागेल तेवढं मी सांगतेच. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गाण्याला गाणं लागून येतं आणि साथीदाराचं नाव बहुतेक वेळा कुठंच नसतं.

नियम बरेच आहेत. दर तासाच्या ठोक्याला केंद्राची अक्षरं आणि गावाचं नाव सांगावं लागतं; मात्र गाणं चालू असेल तर जवळचा स्वाभाविक विराम चालतो, त्यामुळे ख्याल मध्येच तोडावा लागत नाही. इंटरनेटवरून प्रक्षेपण होत असल्यानं आणखी एक बंधन: कोणत्याही तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त आणि एका ध्वनिमुद्रिकेतली तीनपेक्षा जास्त गाणी लावायची नाहीत. माझा कार्यक्रम नेमका तीन तासांचा. ३ एप्रिल २०१७ रोजी किशोरीताई आमोणकर गेल्या, तेव्हा त्या आठवड्याची सगळी रात्र त्यांची असावी असं मला वाटत होतं. चारच ध्वनिमुद्रणं निवडली, पण मोठी निवडली, आणि दीड तासाहून जास्त वेळ त्यांचा आवाज लागला.

फोन येतात. बेकरीत पीठ मळणारा एक माणूस, रात्रपाळीची एक परिचारिका, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी. एकदा इथिओपियाचा एक टॅक्सीचालक बोलला. मी त्याच्याच देशातल्या महमूद अहमदचं तिझिता लावलं होतं, आणि त्यामागून किशोरीताईंचा भूप. तिझिताचा एक प्रकार सा, रे, ग, प, ध याच स्वरांत असतो. भूपाची वेळ केव्हाच टळली होती, मिरजेत असं कुणी खपवून घेतलं नसतं. पण ही जोडणी मला करायचीच होती. तो म्हणाला, गाडी बाजूला घेऊन थांबलोय, स्वर ओळखीचे आहेत आणि भाषा नाही, ही बाई कोण? मी नाव सांगितलं, त्यानं एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. त्यानंतर तो अधूनमधून फोन करून नाव न सांगता फक्त ‘ती बाई लावा’ म्हणतो.

एरवी मी वेळ पाळते. बाराला दरबारी, कधी अमीर खाँसाहेबांची, एलपीची अख्खी बाजू. मग मालकंस किंवा बागेश्री, मध्ये अ‍ॅलिस कोल्ट्रेनचं १९७१ सालचं ‘जर्नी इन सच्चिदानंद’, ज्यात हार्पखाली तंबोरा वाजत राहतो. तीनच्या सुमारास सोहनी. हे सगळे रात्रीचे राग आपल्याकडे मैफलीत त्यांच्या वेळेला ऐकणं आता दुर्मीळ झालंय. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री पूर्वी पहाटेपर्यंत रंगत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मोकळ्या जागेतले ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद केले. लोकांना झोप हवी, आजाऱ्यांना शांतता हवी. नियम योग्यच आहे. पण त्यात रात्रीचे दोन प्रहर संगीतानं गमावले, आणि दरबारी संध्याकाळी आटोपून घ्यायची सवय लागली. अमेरिकेत रेडिओला रात्री दहाला उलट मुभा मिळते: दहा ते सकाळी सहा या वेळेत भाषेचे निर्बंध सैल होतात, म्हणून सगळे विक्षिप्त, लांबलचक, कुठंच न बसणारे कार्यक्रम रात्री लागतात. त्या मोकळ्या वेळात मी मालकंस लावते.

रेडिओ कुणाची झोप मोडत नाही. ज्याला हवा त्याच्याच उशाशी वाजतो. म्हणून रात्रीच्या रागांची हक्काची जागा आता रेडिओच आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ही जागा महाराष्ट्रातही आहे. भारतात सामुदायिक रेडिओला २००२ साली शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ साली सामाजिक संस्थांसाठी परवानगी मिळाली, ताकद आमच्यासारखीच शंभर वॅट. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग आहे, इतरही आहेत. तुमच्या जवळ असं केंद्र असेल तर तिथं जाऊन भेटा. घरातल्या तबकड्या, कॅसेटी, वडिलांनी केलेली मैफलींची ध्वनिमुद्रणं कोणती आहेत ते सांगा, ती वाजवण्याचा हक्क कसा मिळवायचा ते विचारा, आणि रात्री दहा ते एक ही वेळ मागा. ती वेळ बहुधा कुणी मागितलेली नसते.