ऋषभ-गंधारामधली फट

हिंदुस्तानी पद्धतीनं व्हायोलिन शिकलेला वादक न्यूयॉर्कचा ज्यू संगीतकार जॉन झॉर्नच्या ‘मसाडा’ या चिजांच्या संग्रहातली एखादी चीज बसवायला घेतो, तेव्हा हात लगेच ओळखीच्या घरी पोचतो. खाली भैरवाचे कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार, वर भैरवीचे कोमल धैवत-निषाद. हा तर बसंत मुखारी! ज्यू प्रार्थनागायनात या स्वरावलीला ‘अहावा रब्बा’ म्हणतात.

घोटाळा तिथूनच सुरू होतो. सवयीनं ऋषभ आंदोलित होतो, गंधारापर्यंत मींड जाते आणि चीज मवाळ पडते. तिचा बाज मात्र क्लेझ्मरचा. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नांत वाजणाऱ्या या संगीतात सूर संपता संपता हुंदक्यासारखा तुटतो. त्याला ‘क्रेख्त्स’ म्हणतात. शिवाय या चिजा वाजवणाऱ्या झॉर्नच्या सॅक्सोफोन, ट्रंपेट, डबल बास, ड्रम्स या चौकडीत पियानोच नाही. ही मांडणी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९५९च्या जॅझची. म्हणजे हुंदका पूर्व युरोपातल्या ज्यू गावांतला, पण रस्ता न्यूयॉर्कचा.

झॉर्ननं स्वतःवर बंधनंही घालून घेतली: प्रत्येक चीज मोजक्या ओळींत मावली पाहिजे, कुठल्याही वाद्यसंचाला वाजवता आली पाहिजे. तीन पुस्तकं मिळून चिजा झाल्या ६१३. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या आज्ञांची परंपरेनं सांगितलेली संख्याही हीच.

झॉर्नचं हे संगीत ज्या चळवळीत मोडतं, तिचं ‘रॅडिकल ज्यूइश कल्चर’ हे नाव गाजलं ते १९९२च्या म्युनिकमधल्या महोत्सवामुळे. तिथे झॉर्ननं ‘क्रिस्टालनाख्ट’ सादर केलं. ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री नाझींनी ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडली, त्या रात्रीवरची ही रचना. तिच्या एका भागात काच फुटल्याचे आवाज इतक्या उच्च कंपनसंख्येपर्यंत चढत जातात, की मळमळ, डोकेदुखी होऊ शकते असा इशारा ध्वनिमुद्रिकेवरच छापलेला आहे. या भागात ना राग, ना क्लेझ्मरची गोडी.

मग यात ‘ज्यू’ नेमकं काय? स्वरावली म्हणावी, तर झॉर्ननं १९९५मध्ये काढलेल्या ‘त्झाडिक’ या लेबलनं ‘ग्रेट ज्यूइश म्युझिक’ मालिकेत ज्यू संगीतकार बर्ट बाकारॅकची गाणी घेतली. ती निखळ अमेरिकन पॉप, अहावा रब्बाचा मागमूस नाही. संगीतकाराचं कूळ म्हणावं, तर मसाडाच्या चिजा ज्यू नसलेला ट्रंपेटवादक डेव्ह डग्लसही तेवढ्याच हक्कानं वाजवायचा. चळवळीनं हा प्रश्न निकाली काढला नाही. एकामागून एक ध्वनिमुद्रिका काढत तो धगधगता ठेवला.

वादक पुन्हा ऋषभावर येतो. या खेपेस बोट गंधाराकडे सरकवत नाही, तारेवरून झटक्यात उचलतो.