साडेसव्वीस इंच

लिहिण्याच्या टेबलाची उंची तीस इंच असावी, हे कोणी आणि कोणाच्या देहाकडे पाहून ठरवले असेल? बाजारात मिळणारी बहुतेक टेबले एकोणतीस-तीस इंचांची असतात. माझी स्वतःची उंची चार फूट अकरा इंच. अशा टेबलाशी बसले की खांदे कानांकडे सरकतात. खुर्ची उंच करावी तर पाय अधांतरी राहतात. गेली बारा वर्षे मी आर्वीत घरी बसून अनुवादाचे काम करते. हे काम कधी जेवणाच्या टेबलावर झाले, कधी पलंगावर मांडीवर उशी घेऊन, कधी शिवणयंत्राच्या झाकणावर. पाहुणे आले की शब्दकोश उचलायचे, ते गेले की पुन्हा मांडायचे. देवांना देव्हारा होता, धान्याला कोठी होती. माझ्या कागदांना तेवढे ठिकाण नव्हते.

आपल्याकडे लिहिणे ही मुळात जमिनीवर बसून करायची गोष्ट. पेढीवरचे दिवाणजी गादीवर बसून उतरत्या झाकणाच्या पेटीवर वही ठेवीत, आणि त्याच पेटीत दौत, टाक व रोकड राही. 1936 साली गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि जे पुढे सेवाग्राम झाले, तेथील बापू कुटीतही जमिनीवरचीच बैठक आहे. ती पाहताना प्रत्येक वेळी मला तिचा हेवा वाटतो. इतक्या कमी सामानात इतके पत्रलेखन! पण पंचेचाळिशीनंतर माझ्या गुडघ्यांनी त्या परंपरेतून अंग काढून घेतले, आणि मला खुर्ची-टेबलाचा विचार करणे भाग पडले.

माप ठरवायला मी विटा वापरल्या. दोन्ही बाजूंना विटांचे थर रचून त्यांवर एक फळी टाकली आणि रोज तिच्यावर काम केले. दर दोन-तीन दिवसांनी पुठ्ठे सरकवून फळी अर्धा-पाऊण इंच वरखाली करीत असे. खुर्चीत बसून हात मोकळे सोडले असता कोपर जेथे येते, त्याच्या किंचित वर टेबलाचा पृष्ठभाग असावा, असे हळूहळू ध्यानात आले. माझ्यासाठी हा आकडा साडेसव्वीस इंच निघाला. लांबी चार फूट, रुंदी दोन फूट. खण एकच आणि तोही उजवीकडे, कारण मध्ये खण घेतला की मांड्या अडतात. जागा उत्तरेच्या खिडकीजवळची, म्हणजे उन्हाची तिरीप कागदावर येणार नाही. घरच्यांनी विटांची ही रचना महिनाभर सहन केली.

लाकूड कोणते घ्यावे, हा प्रश्न मला पडला नाही, कारण त्याच सुमारास माहेरचे घर पाडले जात होते. माहेर याच गावात, चार गल्ल्या ओलांडून. वडिलांच्या पश्चात भावाला तेथे स्लॅबचे घर बांधायचे होते आणि त्यासाठी माझे हक्कसोडपत्र हवे होते. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. तरीही बहिणीने सही करून साडी-चोळी घेऊन परतावे, ही रीत आमच्या भागात अजून सुटलेली नाही. मी सही केली. ती स्वेच्छेची होती की सवयीची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मात्र साडी नको म्हटले आणि माजघरावरच्या दोन मयाली मागितल्या. आमच्याकडे तुळईला मयाल म्हणतात.

भाऊ चकित झाला. “ताई, लाकूड कायले पायजे तुले? पैसे घे ना!” लाकूडवाल्याने घरातल्या साऱ्या सागवानाचा एकगठ्ठा भाव केला होता, त्यातून दोन मयाली वगळणे त्याला अडचणीचे होते. तरी त्याने त्या दिल्या, आणि हातगाडीवर घालून स्वतः पोचवल्याही.

आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा सागाचा. याच विदर्भातले बल्लारशाहचे सागवान 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मिरवत नेले गेले. माझ्या मयाली नऊ फूट लांब, सात इंच रुंद, पाच इंच जाड. धुराने इतक्या काळ्या पडलेल्या की पाहणाऱ्याला त्या सरपणाच्या वाटाव्यात. आरागिरणीवाल्याने त्यांना हात लावायला नकार दिला, आणि त्याचे बरोबर होते: जुन्या लाकडात लपलेला एक खिळा आऱ्याचे पाते मोडतो. मग मिस्त्रीकाकांनी आणि मी अंगणात बसून, लोहचुंबक फिरवत, दोन दिवस खिळे उपटले. एकेचाळीस निघाले. प्रत्येक खिळ्याभोवती लोखंडाचा काळा डाग लाकडात उतरला होता. कोणता खिळा कंदिलाचा, कोणता पाळण्याच्या दोरीचा, हे मला ओळखता येत होते, असे म्हणणे लेखनाला शोभले असते. पण तसे काही ओळखता आले नाही.

रंधा फिरला तसा आतला मधासारखा रंग उघडा पडला आणि सागाचा तो किंचित तेलकट, चामड्यासारखा वास अंगणभर पसरला. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकण्याचा जो विचार मांडला गेला, तो मी पाठ्यपुस्तकात वाचला होता. त्याचा अर्थ मला खतावणी धरून रेघ मारताना कळू लागला. पायाच्या आडव्या पट्ट्यांची टोके कोरून कुसू करायचे आणि ते पायातल्या खाचेत ठोकून बसवायचे. कुसू सैल झाला तर सरस भरून उपयोग नाही, घट्ट झाला तर पाय चिरतो. काका म्हणाले, “हाताच्या दाबानं अर्धा गेला पायजे, बाकीचा मोगरीनं.” अनुवादातले नेमकेपण याहून निराळे नसते, असे मला तेव्हा वाटले, त्यांना ते सांगितले नाही.

वरची फळी चार पट्ट्या जोडून केली. ती चौकटीला पक्की ठोकावी, असे मी सुचवले, तेव्हा काकांनी मान हलवली. “बाई, हे लाकूड तुमच्यापेक्षा म्हातारं हाय. पण पावसाळ्यात फुगन मंजे फुगनच.” लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेतील ओल घेऊन ते पसरते आणि उन्हाळ्यात आकसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि जुलैत भिंतींना ओल येते. अशा ठिकाणी दोन फुटांची फळी जखडली, तर ती कधी तरी स्वतःलाच फाडते. म्हणून चौकटीतली स्क्रूची भोके लांबट ठेवली, म्हणजे फळीला दोन सूत इकडेतिकडे व्हायला वाव राहील.

पॉलिश केले नाही. जवसाचे तेल तीन वेळा, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, चोळले. त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. आम्ही ती दोरीवर पसरून वाळवली.

भाऊ दिवाळीत आला, तेव्हा त्याने फळीवरून हात फिरवला. काळ्या डागांपाशी थांबला. “भरून नाही घेतले?” असे त्याने विचारले. मी नाही म्हटले. चहा त्याने त्याच टेबलावर घेतला, कपाखाली वर्तमानपत्र ठेवून.

आता पहाटे साडेचार ते साडेसहा मी तेथे बसते. त्या वेळात मला कोणी हाक मारीत नाही. टेबल आल्यापासून हे कसे घडले, ते कोणी ठरवले नाही. पावसाळ्यात उजवीकडचा खण अडकतो. रंध्याचे दोन हात मारून तो मोकळा करता येईल, पण काकांनी बजावले आहे की आता तासला तर फेब्रुवारीत खडखडेल. म्हणून आषाढ-श्रावणात तो चार बोटे उघडाच ठेवते, आणि पेन्सिली तेवढ्या फटीतून काढते.