पूर्वस्थिती

समाईक वस्तू वापरावी कशी, याचे पहिले शिक्षण आपल्या समाजाला बहुधा देवळाच्या अग्रशाळेत मिळाले असावे. जत्रेला आलेले कुळावी कुटुंब तिथे चार दिवस उतरते. सोयीप्रमाणे बाकडे सरकवते, खुंट्यांना दोरी बांधते, कोपऱ्यात स्टोव्ह मांडते. यास कोणाची हरकत नसते. जागा वापरण्यासाठीच आहे. परंतु निघण्याच्या सकाळी घरातील वडीलधारी बाई केरसुणी हाती घेते, दोरी सुटते, बाकडे मूळ जागी जाते. कोणी पावती मागत नाही, की करारनामा लिहून घेत नाही. आपल्या आधी इथे कोण राहून गेले, हे जाणून घेण्याचे मागून येणाऱ्या कुटुंबास कारणच पडू नये, एवढाच त्या रीतीचा अर्थ.

या रीतीची आठवण मला एका अनपेक्षित ठिकाणी झाली. संगणकावर जी काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप कराव्या लागतात, तिला टर्मिनल म्हणतात. चित्रांवर बोट ठेवून कामे उरकण्याच्या या काळातही हिशेबाच्या फायली जुळवणे, त्यांच्या प्रती राखणे अशी नित्याची कामे तिथून फार नेटकी होतात. टर्मिनल म्हणजे मुळात टंकयंत्रासारखा दिसणारा दूरमुद्रक. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला, त्या सुरुवातीच्या काळात संगणकाशी बोलण्याचे साधन हेच होते. सेकंदाला दहा अक्षरे खडखडाट करीत कागदावर उमटत. दूरमुद्रकाच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप 'टीटीवाय', म्हणून त्याची मांडणी बदलणाऱ्या आज्ञेचे नाव 'एसटीटीवाय'. त्या व्यवस्थेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दाबलेल्या कळीचे अक्षर प्रथम संगणकाकडे जाई, संगणक ते परत पाठवी आणि मगच ते कागदावर पडे. या परतीच्या अक्षरास प्रतिध्वनी म्हणतात. दूरमुद्रक गेले, पडदे आले, पण ही रचना टिकली; आणि म्हणूनच, परवलीचा शब्द शेजाऱ्यास दिसू नये यासाठी, तो प्रतिध्वनी बंदही करता येतो.

अनेक आज्ञा एका फायलीत ओळीने लिहून ठेवल्या की तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. तिच्या वर्तनाचा एक नियम वकिलास तत्काळ पटण्यासारखा आहे. नेहमीच्या पद्धतीने चालवलेली स्क्रिप्ट आपल्या शेलचे अपत्य म्हणून जन्मते. जन्मतः तिला वडिलांच्या परिस्थितीची एक प्रत मिळते. त्या प्रतीत तिने वाटेल ते फेरफार करावेत. दुसऱ्या फोल्डरात जावे, नावे देऊन ठेवलेल्या किमती बदलाव्यात, आपले सारे बोलणे पडद्याऐवजी एखाद्या फायलीकडे वळवावे. ती संपली की हे सर्व तिच्याबरोबर संपते. टर्मिनलची मात्र प्रत निघत नाही. ती समाईक मिळकत आहे. तिच्या मांडणीची नोंद प्रणालीच्या गाभ्यात त्या टर्मिनलच्याच नावावर असते, आणि तिथे केलेला बदल स्क्रिप्ट गेल्यावरही कायम राहतो. तांबडी अक्षरे मागून ती परत न फिरवताच जो निघून जातो, त्याच्या मागून येणाऱ्याच्या ओळीही तांबड्याच उमटू शकतात.

एका देवस्थानाच्या कचेरीत कुळाव्यांच्या नोंदवहीची आणि जमाखर्चाची प्रत रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर ठेवली जाते. कोणा हौशी तरुणाने त्यासाठी स्क्रिप्ट लिहून दिली होती. ती प्रथम प्रतिध्वनी बंद करी, परवलीचा शब्द विचारी आणि तो चुकल्यास तिथूनच बाहेर पडे. प्रतिध्वनी पुन्हा सुरू करण्याची ओळ त्याच्या पुढे होती. शब्द बरोबर येत गेला तोवर सारे सुरळीत चालले. एके दिवशी तिथल्या वयोवृद्ध कारकुनांचे एक अक्षर चुकले. त्यानंतर ते काहीही टाइप करोत, पडद्यावर ते उमटेना. यंत्र वस्तुतः प्रत्येक अक्षर ऐकत होते. त्याचा प्रतिध्वनी तेवढा परत येत नव्हता. महाजनांपैकी एक म्हणून मी कचेरीत गेलो, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वकीलबाब, हें म्हज्या हातान मोडलें." हे काम आता कोणा जाणत्याकडे द्यावे, अशी त्यांची विनंती होती. ज्यांच्या खतावणीत आयुष्यभर खाडाखोड सापडली नाही, ते गृहस्थ न केलेल्या अपराधाची कबुली देत होते. दुसऱ्याने मागे ठेवलेल्या पसाऱ्याची खरी किंमत मला तिथे दिसली. पसारा करणारा निघून गेलेला असतो. समोर बसलेला माणूस दोष स्वतःकडे घेतो, आणि जितका सालस तितका लवकर घेतो.

उपाय कठीण नव्हता. अक्षरे दिसत नसली तरी 'एसटीटीवाय सेन' ही आज्ञा न पाहता टाइप करून एंटर दाबावे, म्हणजे टर्मिनल ताळ्यावर येते. कायमच्या बंदोबस्तासाठी बॅश या प्रचलित शेलात स्क्रिप्टच्या आरंभीच दोन ओळी पुरतात. पहिलीत टर्मिनलची असेल ती मांडणी विचारून एका नावाखाली जपून ठेवायची. दुसरीत 'ट्रॅप' या आज्ञेने बजावून ठेवायचे की, काम संपल्याने, चूक झाल्याने किंवा कोणी मध्येच थांबवल्याने, कोणत्याही दाराने बाहेर पडलीस तरी जाताना जपलेली मांडणी परत लाव. यातील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. 'प्रतिध्वनी सुरू कर' असे तिथे म्हटलेले नाही. 'होते तसे कर' असे म्हटले आहे. कारण वापरणाऱ्याने आपल्या सोयीने आणखी काही मांडणी केलेली असेल, तर ती आपल्या आवडीप्रमाणे सुधारण्याचा अधिकार पाहुण्यास नाही. अग्रशाळेतील बाकडे जिथे होते तिथे ठेवायचे, आपल्या मते जिथे शोभेल तिथे नव्हे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ हेच तत्त्व सांगते. हुकूमनामा पुढे फिरला, तर त्याच्या अंमलाने ज्याचे गेले असेल त्यास न्यायालयाने शक्य तितके पूर्वस्थितीत आणावे. 'शक्य तितके' हे शब्द अनुभवाचे आहेत. संगणकातही नऊ क्रमांकाचा एक संकेत असा आहे की, तो पोचताच कार्यक्रम तत्क्षणी मरतो, आणि 'ट्रॅप'ला हात हलविण्याचीही सवड मिळत नाही. तथापि एक भेद उरतोच. कायद्यात नुकसान झाल्यावर अर्ज करावा लागतो. इथे वस्तूला हात लावण्यापूर्वीच परतफेडीची तजवीज लिहून ठेवता येते. तीन वर्षांसाठी निवडलेली देवस्थान समिती अधिकार घेण्याच्या दिवशीच दागिन्यांची आणि किल्ल्यांची यादी तपासून सही करते, त्यातील शहाणपण हेच. सोपवणे नीट व्हावे असे वाटत असेल, तर यादी घेतानाच करावी लागते.

त्या स्क्रिप्टच्या आरंभी आता त्या दोन ओळी आहेत. कारकून अजून तेच काम तिथेच बसून करतात. अधूनमधून त्यांचे एखादे अक्षर चुकते. पडदा त्यांना तेवढे सांगतो, आणि ते पुन्हा टाइप करतात. त्या ओळींची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. त्या आपले काम करीत आहेत, याला याहून चांगला पुरावा मी न्यायालयातही मागितला नसता.