दारापुढची नाली

आमच्या वर्धा जिल्ह्यात बर्फ पडत नाही, हे वाचकांना मुद्दाम सांगायला नको. इथे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवर गोणपाटाखाली घाम गाळीत पडलेली लादी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळू लागला, की त्या लादीकडे आम्ही ज्या भक्तिभावाने पाहतो, त्या भावाने ध्रुवाजवळच्या माणसानेही कधी बर्फाकडे पाहिले नसेल. तेव्हा बर्फ ही वस्तू माणसाला नकोशी होते, ती दारातून उपसून टाकावी लागते, आणि ती वेळेवर उपसली नाही म्हणून नगराध्यक्षाची खुर्ची जाते, हे माझ्या पुतण्याने सांगितले नसते तर मला खरे वाटले नसते.

हा पुतण्या शिकागोला असतो. मागच्या एका हिवाळ्यात त्याचा फोन आला, तो चांगलाच चिडलेला. रात्री कधीतरी यंत्र येऊन रस्ता साफ करून गेले होते. पण रस्त्यावरचा सगळा बर्फ त्याने कडेला, म्हणजे नेमका ह्याच्या मोटारीभोवती लोटला होता. शिवाय तिथला नियम असा, की रस्ता शहराने साफ करायचा आणि घरासमोरची पायवाट घरमालकाने. "म्हणजे बघा काका, त्यांचा बर्फ माझ्या अंगावर, आणि माझा बर्फ तर माझाच!" दोन तास फावडे मारून मोटारीपुरती जागा मोकळी केली, की ती दुसऱ्याने बळकावू नये म्हणून लोक तिथे घरातली मोडकी खुर्ची आणून ठेवतात, असेही त्याने सांगितले. हे ऐकून मला मात्र फार बरे वाटले. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आपला माणूस ह्या जगात एकटा नाही तर!

मग त्याने मला तिथला थोडा इतिहास ऐकवला. १९७९ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड बर्फ पडला. मोटारी हलवून ठेवायला शाळांची आवारे साफ केली आहेत, असे महापौर मायकेल बिलँडिक यांनी जाहीर केले. लोक गेले, तर आवारे बर्फाने भरलेली. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक होती. तीत जेन बर्न नावाच्या बाईंनी त्यांना हरवले आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६९ च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कमध्ये असेच झाले होते. क्वीन्स भागातले रस्ते कितीतरी दिवस साफ झाले नाहीत, बरीच माणसे दगावली, आणि महापौर जॉन लिंडसे तिथे पाहणीला गेले तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. पण लिंडसे यांनी पुढे दूरचित्रवाणीवर स्वतः सांगितले, की माझा अंदाज चुकला, ती चूक होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. एक जण 'सगळे ठीक आहे' म्हणाला आणि पडला. दुसरा 'चुकलो' म्हणाला आणि तरला. निवडणुकीचे गणित एवढे सरळ नसते, हे मलाही कळते. पण गोष्ट मनात राहून गेली. का राहिली, ते पुढे सांगतो.

आमचा बर्फ म्हणजे नाली. पुण्यामुंबईचे लोक तिला गटार म्हणतात. आम्ही नालीच म्हणतो. उन्हाळ्यात ती सर्वांच्या दारापुढून निमूटपणे पडून असते. मृग लागला, आषाढाची पहिली झड आली, की ती एकाएकी नदीचे सोंग घेते आणि आपला गाळ, आपल्या पिशव्या, आपल्या नारळाच्या करवंट्या परत घेऊन घरी येते. मग सारी आळी आपापल्या ओट्यावर उभी राहते आणि दोष कुणाचा, ह्या सनातन प्रश्नाची चर्चा सुरू होते. माझ्या अनुभवात ह्या चर्चेचे उत्तर नेहमी एकच येते. दोष नेहमी ओट्याच्या पलीकडे असतो.

आणि तो पलीकडे नसतो असेही नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. रस्ते आणि नाल्या साफ ठेवणे हे आपल्या राज्यातल्या नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य आहे, असे १९६५ चा कायदाच सांगतो. नाली साफ करायची ती मे महिन्यात, पाऊस आल्यावर नव्हे. पण अनेकदा ती साफ होते जूनमध्ये. आणि काढलेला गाळ नालीच्या काठालाच ढीग करून ठेवला जातो, तो 'वाळल्यावर उचलू' म्हणून. तो वाळायच्या आत पाऊस येतो आणि गाळ मुकाट्याने होता तिथे परत जातो. शिकागोच्या यंत्राने पुतण्याच्या मोटारीभोवती बर्फ लोटला, त्याची आणि ह्या ढिगाची जात एकच. २०२२ नंतर काही वर्षे तर राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासकच होते. आमच्या आळीची तेव्हा फार पंचाईत झाली. सभासदाला नावे ठेवायची, तर सभासदच नाही!

मोठ्या शहरांची गोष्ट काही निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे सबंध पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या जवळपास. मुंबईची जुनी गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताची. ती वाढवली पाहिजेत असा अहवाल १९९३ सालीच तयार होता. त्यात भरतीची वेळ आली, मिठी नदी भरावांनी आणि वस्त्यांनी आवळलेली होती, आणि गटारांच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. आता ह्यात दोष कुणाचा? पावसाचा, समुद्राचा, अहवाल बासनात ठेवणाराचा, नदीत भराव घालणाराचा, की पिशवी टाकणाराचा? वडिलोपार्जित शेताचे सात भाऊ वाटे करतात, तसे दोषाचेही वाटे पडतात. फरक एवढाच, की शेताच्या वाट्यासाठी भाऊ कोर्टात जातात आणि दोषाच्या वाट्यासाठी कुणी दारातही येत नाही.

मीही आलो नसतो. पण तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो वाटा माझ्या दारात येऊन पडला.

आमच्या घराला लागून एक बाई राहतात. यजमान लवकर गेले. शिवणकाम करून त्यांनी दोन मुली वाढवल्या. त्यांची खोली आमच्या जोत्यापेक्षा हातभर खाली. त्या रात्री पाऊस असा लागला, की पहाटे त्यांच्या खोलीत गुडघाभर पाणी होते. शिवणाची मशीन बुडालेली. आणि राखीपौर्णिमेसाठी लोकांनी शिवायला टाकलेली कापडे, त्यांत एका मुलीचा लग्नाचा शालू, गाळात लोळलेली. बाई रडत नव्हत्या. पाण्यात उभ्या राहून एकेक कापड पिळून दोरीवर टाकीत होत्या.

मी चाळीस वर्षे शाळामास्तर होतो. अन्याय दिसला की अर्ज लिहायचा, हा माझा धर्म. त्याच सकाळी मी नगरपालिकेच्या नावाने दीड पानांचा अर्ज लिहिला. भाषा, माझी मीच सांगतो, चांगली झणझणीत उतरली होती. 'अक्षम्य हलगर्जीपणा' हा शब्दप्रयोग मी दोनदा केला. आळीतल्या सर्वांच्या सह्या घेतल्या. बाईंचीही घेतली. ओल्या बोटांनी त्यांनी सही केली, तो डाग कागदावर राहिला, आणि अर्जाला त्याने वजन येईल असेही माझ्या मनात येऊन गेले.

अर्जाचा परिणाम मात्र झाला. दुसऱ्या दिवशी सफाईची दोन माणसे आली. थोरल्याने बांबू घालून नाली वरून खालपर्यंत चाचपली आणि तो माझ्या फाटकाशी येऊन थांबला.

"गुरुजी, फरशी काढा लागते."

ही फरशी मी सात वर्षांपूर्वी मुलाची मोटार आत यावी म्हणून नालीवर टाकली होती. सिमेंटने पक्की करून घेतली होती. परवानगीबिरवानगी काही नाही. सगळेच टाकतात, म्हणून मीही टाकली.

"फरशीचा काय संबंध?" मी विचारले. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"वरून पाणी येते, खाली जात नाही. इथंच चोक झाली हाय." एवढे बोलून तो थांबला. माझ्याशी वाद घालण्याचे त्याच्या मनात दिसत नव्हते. पण पुढेही सरकत नव्हता.

पहारीने फरशी उचलली. खाली नाली कुठे होतीच? दगडासारखा घट्ट झालेला गाळ. त्याने घमेल्याने तो उपसायला सुरुवात केली आणि त्यातून एकेक वस्तू निघू लागली. पिशव्या, करवंट्या, लोणच्याच्या बरणीचे झाकण, रांगोळीच्या रंगांच्या पुड्या. आणि शेवटी प्लास्टिकच्या झिरमिळ्यांचा एक आकाशकंदील. लाल आणि पिवळा. मागल्या दिवाळीला नातवाच्या हट्टाखातर मीच आणला होता. दिवाळी सरल्यावर तो कुठे गेला, ह्याची चौकशी मी केली नव्हती. घरातला कचरा बाहेर गेला, की तो 'गेला', असे आपण मानतो. कुठे गेला, हा व्याकरणातला नसलेला प्रश्न.

त्या माणसाने कंदील पाण्यात खळबळून घेतला आणि माझ्या ओट्याच्या कडेला ठेवला. एक शब्द बोलला नाही. काच लागून त्याच्या पायाचा अंगठा कापला होता. तिकडेही त्याचे लक्ष नव्हते. मी घरातून हळद आणली, चिंधी आणली, चहा आणला. त्या वेळी माझ्या हातून तेवढेच सुचण्यासारखे होते.

दीड पानांचा अर्ज लिहिणे सोपे. दहा पावलांवरच्या दारात जाऊन एक वाक्य बोलणे किती कठीण, ते मला त्या संध्याकाळी कळले. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो. अखेर गेलो. बाई मशीन उघडून तिचे भाग रॉकेलच्या फडक्याने पुशीत बसल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, पाणी माझ्या फरशीखाली तुंबलं होतं."

त्यांनी मान वर केली. "माहीत हाय गुरुजी. मागच्या साली बी तिथंच अडलं होतं. थोडं आलं होतं, म्हणून बोलली नाही."

"मग अर्जावर सही कशाला केली?"

"तुम्ही अर्ज आणला. माझ्या दोन्ही पोरी तुमच्याच हाताखाली शिकल्या. तुम्हाला नाही कसं म्हणू?"

वाचकहो, नगरपालिकेला मी जेवढे झणझणीत लिहिले होते, त्याच्या शतांशानेही हे वाक्य झणझणीत नव्हते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. नाली माझ्या फरशीने चोक झाली होती. आणि ह्या बाईचे तोंड माझ्या गुरुजीपणाने. तिथे तक्रार करायची तर कुणाच्या नावाने?

मशीनची दुरुस्ती मी करून दिली. शालूचे पैसे द्यायला गेलो, तर बाईंनी निम्मेच घेतले. "निम्मं तर पावसाचं हाय," त्या म्हणाल्या. दोषाचे इतके नेमके वाटे मी कुठल्याही चौकशी अहवालात पाहिले नाहीत.

आमचा जिल्हा ह्या बाबतीत अडाणी राहावा, असे मुळीच नाही. १९३५ च्या सुमारास गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत असताना त्यांचे सहकारी रोज सकाळी बादल्या घेऊन लगतच्या सिंदी गावी मैला उचलायला जात. पुढे मीराबेन तर तिथे जाऊनच राहिल्या. गाव मात्र बराच काळ अलिप्त राहिले. कुणी तरी येऊन उचलतो आहे ना, मग झाले! शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबाही गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. लोकांना कीर्तन आठवते. खराटा बाबांबरोबर गेला, असे आपण समजतो. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावाने २००० साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. नंतर प्लास्टिकवर बंदी आली. तरी आमच्या फरशा जागच्या जागी आहेत.

मग नगरपालिका निर्दोष काय? छे! माझा आकाशकंदील सापडला म्हणून मे महिन्याचे काम जूनमध्ये करणारा सुटत नाही. नाली दर साली उपसली असती, तर ती फरशी तीन वर्षांपूर्वी नव्हे, सात वर्षांपूर्वीच उचलली गेली असती. तेव्हा मी अर्ज लिहिणे सोडलेले नाही. उलट आता तो मी एप्रिलमध्येच लिहितो. फक्त त्याच्या पहिल्या ओळीत, आमच्या दारापुढची नाली आम्ही मोकळी केली आहे, एवढे नमूद करतो. 'अक्षम्य' हा शब्द गाळला आहे. आळीतल्या आणखी चौघांनी फरशा काढून लोखंडी जाळ्या बसवल्या. दोघांनी नाही बसवल्या. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांच्याही अंगणात कधी तरी एखादा कंदील निघेल.

आता दिवाळी आली आहे. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे, तुमच्यासारखीच, नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. घरातली केरसुणी ती लक्ष्मी; रस्त्यावरच्या खराट्याला मात्र आपण नमस्कार करीत नाही. गेल्या दोन वर्षांपासून फराळाचे पहिले ताट आमच्या घरातून त्या थोरल्या सफाईवाल्याकडे जाते. दुसरे शेजारी. पहिल्या वर्षी बाईंनी ताट परत पाठवले ते अनारसे घालून; आणि बरोबर नातवासाठी उरलेल्या कापडांचा शिवलेला एक आकाशकंदील. लाल आणि पिवळा.

तो आम्ही दिवाळी झाली की घडी करून ट्रंकेत ठेवतो. यंदाही आजच काढून लावला आहे.