हजेरीपटावरील नावे

नावे पुकारणे हा आम्हां प्राध्यापकांचा नित्याचा उद्योग. परंतु पाऊणशे नावे एका दमात वाचताना त्यांच्या अर्थाकडे कोण लक्ष देतो? आमच्या जिल्ह्याचे नावच २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा गावोगाव चर्चा झाली; हजेरीपटावरच्या नावांच्या वाट्यास ते भाग्य येत नाही. अमेरिकन मिशनने नगरात १८३१ साली ठाणे दिल्यापासून या पटावर ज्ञानेश्वर-तुकारामांच्या शेजारी याकोब, शमुवेल, एस्तेर आणि रूथ बसत आले आहेत. आडनावे शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच, भाषाही गोदाकाठची. नाव मात्र थेट यरुशलेमचे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्यास आम्ही भर वर्गात म्हणालो, "हे झाले पुस्तकातले नाव, तुमचे खरे नाव काय?" वर्ग हसला. मुलगा शांतपणे उत्तरला, "खरे नाव हेच आहे, सर. आजीने ठेवले." तास संपल्यावर तो जवळ आला व म्हणाला, "आजी आता नाही. तिला अर्थ विचारायचे राहून गेले. आपण सांगाल का?" दामोदर आणि पीतांबर यांचे समास उभ्या उभ्या सोडविणारे आम्ही निरुत्तर झालो. ज्या नावास आम्ही हसलो, त्याचा अर्थच आम्हांस ठाऊक नव्हता!

त्या रात्री आम्ही मराठी बायबल उघडले, आणि पाहतो तो हा ग्रंथ म्हणजे नामकरणांचा संग्रहच! म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा हसली, म्हणून मुलगा इसहाक, म्हणजे हास्य. प्रसूतीत प्राण सोडताना राहेलीने मुलास 'बेनओनी', माझ्या दुःखाचा पुत्र, म्हटले; बापाने तेच नाव फिरवून 'बन्यामीन', उजव्या हाताचा पुत्र, केले. पती आणि दोन्ही पुत्र गमावलेली नामी गावी परतली, तेव्हा म्हणाली, मला नामी, म्हणजे मनोरमा, म्हणू नका. मारा, म्हणजे कडू, म्हणा.

अर्थात ग्रंथातील सर्वच व्युत्पत्ती पंडितांस मान्य नाहीत. पाण्यातून 'बाहेर काढला' म्हणून मोशे, असे ग्रंथ सांगतो. पंडित त्यात 'पुत्र' या अर्थाचा मिसरी शब्द पाहतात. हन्नाने देवाजवळ 'मागून घेतला' म्हणून शमुवेल; परंतु 'मागितलेला' हा अर्थ खरोखर शौल या नावास शोभतो. आमच्या पुराणांतल्या व्युत्पत्तींचीही हीच गत आहे. तेथे व्याकरणापेक्षा आईचे मन अधिक बोलते.

पुष्कळ नावांत 'एल' किंवा 'याह' हे देवाचे नाव दडलेले असते. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. नथनेल म्हणजे देवाने दिलेला. म्हणजे आपला देवदत्तच की! रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला. त्यांनी 'नारायण' टाकले नाही आणि मुलाचे 'देवदत्त'ही तसेच राहिले. उलट कोकणच्या बेने इस्राएलांनी शमुवेलाचा सामाजी आणि अब्राहामाचा आबाजी केला. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल. नाव ऐकून कोणीही त्यांस शिलेदार समजेल.

एका नावापाशी मात्र आम्ही थबकलो. होशेय संदेष्ट्याच्या मुलीचे नाव 'लो-रुहामा', दया न पावलेली. आम्हांस आमच्याकडील 'नकोशी' आठवली. जगावा म्हणून मुलास धोंडू-दगडू म्हणण्यात निदान माया आहे. नकोशीत तीही नाही. पण होशेयाच्या ग्रंथातच पुढे तो 'लो', तो नकार, गळून पडतो व उरते 'रुहामा'. सातारा जिल्ह्यात २०११ साली पावणेतीनशेहून अधिक नकोशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलता येते, हे त्या संदेष्ट्यास अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते.

आता त्या विद्यार्थ्याचे. भावाची टाच धरून जन्मास आलेल्या मूळपुरुषाचे नाव त्यास मिळाले होते. मूळ शब्दात 'टाच' आहे, आणि पुढे त्याच नावास 'फसविणारा' असाही अर्थ चिकटला. हे सांगावे कसे? आम्ही चाचरतच सांगितले. त्याच पुरुषाने रात्रभर झुंज देऊन 'इस्राएल' हे नवे नाव मिळविले, हेही जोडले. चार दिवसांनी तो हसतच आला. "वडिलांना विचारले, सर. मी पायाळू. सुईणीच्या हाती आधी माझी टाच लागली. ते पाहून आजीने तेथल्या तेथे नाव ठेवले."

त्याच्या आजीस अक्षरओळख नव्हती, हेही त्यानेच सांगितले. देवळात रविवारी कानांवर पडलेली कथा तिने जपून ठेवली आणि नेमक्या क्षणी नातवास बांधली. आमच्या पदवीस जे साधले नाही, ते त्या माउलीस बाळंतिणीच्या खोलीत साधले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाची क्षमा मागितली आणि हजेरी घेतली. नेहमीपेक्षा बरीच सावकाश.